आमची वाटचाल : खुल्या स्पर्धेतून मिळालेले पहिले सार्वजनिक काम

चार जणांचे आमचे वास्तुविशारद कार्यालय सुरू झाले, तेव्हा सार्वजनिक इमारतीचे काम मिळवण्याचा आम्हाला एकच मार्ग दिसत होता आणि तो म्हणजे इमारतीच्या आराखड्यांची खुली स्पर्धा. निविदा भरायची तर तशाच आकाराची कामे पूर्वी केल्याचे दाखले आणि वार्षिक उलाढालीचे आकडे जोडावे लागतात, जे नव्या कार्यालयाकडे नसतात. खुल्या स्पर्धेत प्रवेशिकेवर केवळ सांकेतिक क्रमांक असतो. वॉशिंग्टन येथील व्हिएतनाम युद्ध स्मारकासाठी १९८१ मध्ये आलेल्या १,४२१ प्रवेशिकांतून परीक्षकांनी १०२६ क्रमांकाची प्रवेशिका निवडली, तेव्हा ती येल विद्यापीठात शिकणाऱ्या २१ वर्षांच्या माया लिन यांची आहे, हे त्यांना ठाऊक नव्हते.

या उदाहरणाच्या बळावर आम्ही सात स्पर्धांत उतरलो आणि सातही हरलो. त्यांतल्या एका स्पर्धेत तर आमचे काम परीक्षकांपुढे गेलेच नाही, कारण शीटवर, म्हणजे चित्रांच्या कागदावर, नाव नसले तरी पीडीएफच्या गुणधर्मांत कार्यालयाचे नाव राहून गेले होते आणि निनावीपणाच्या नियमानुसार प्रवेशिका बाद झाली. दोन महिन्यांची मेहनत त्या एका ओळीपायी वाया गेली. तेव्हापासून सादर करायची प्रत्येक फाइल ज्याने ती बनवलेली नाही, असा सहकारी उघडून तपासतो.

उरलेल्या सहा पराभवांचे कारण शोधायला आम्हाला बराच वेळ लागला. मेहनतीत आम्ही कमी पडत नव्हतो. किंबहुना सुचलेले सारे काही आम्ही शीटवर मांडत होतो. पावसाचे पाणी, सौरऊर्जा, गच्चीवरची बाग, हलत्या भिंती यांपैकी प्रत्येक गोष्ट योग्य होती, परंतु त्या साऱ्यांतून इमारतीविषयीचा एकही ठाम निर्णय दिसत नव्हता. पॅरिसच्या पाँपिदू या कला-संस्कृती केंद्रासाठी १९७१ मध्ये ६८१ प्रवेशिका आल्या होत्या. निवड झालेल्या रेन्झो पियानो आणि रिचर्ड रॉजर्स यांच्या चमूने जवळजवळ अर्धा भूखंड मोकळ्या चौकासाठी सोडला होता. नळ आणि जिने बाहेर काढलेली ती इमारत साऱ्यांच्या लक्षात राहते. मला मात्र त्या प्रस्तावाचे खरे बळ चौक सोडण्याच्या निर्णयात दिसते, कारण तो प्लॅनवर नजर टाकताच कळतो आणि बाकीच्या रचनेला त्यातूनच दिशा मिळते.

म्हणून आठव्या स्पर्धेत, उतारावरच्या एका लहान ग्रंथालयासाठी, आम्ही पहिले दहा दिवस पेन्सिल हाती घेतली नाही. माहितीपत्रक तिघांनी स्वतंत्रपणे वाचले आणि त्यातील परस्परविरोधी मागण्यांची यादी केली. वाचनकक्षाला शांतता हवी होती, तर मुलांचा विभाग त्याला लागूनच मागितला होता. प्रवेश रस्त्याच्या पातळीवर हवा होता, तर सर्वांत चांगला प्रकाश उताराच्या खालच्या अंगाला होता. शंकानिरसनासाठी ठेवलेल्या मुदतीत आम्ही याविषयी दोन प्रश्न पाठवले. उत्तरे सर्व स्पर्धकांना मिळाली, तरीही त्यांतून आयोजकांना खरी काळजी शांततेची आहे हे समजले. मग निर्णय झाला : वाचनकक्ष एक मजला खाली, उताराच्या कुशीत, आणि मुलांचा विभाग त्याच्यावर नव्हे तर शेजारी, मधल्या अंगणापलीकडे.

हे सारे एका सेक्शनमध्ये, म्हणजे इमारत उभी कापल्यासारखी दाखवणाऱ्या चित्रात, मावत होते. तो आम्ही ए-वन आकाराच्या मोठ्या कागदावर छापून भिंतीवर लावला, कार्यालयाचे हिशेब पाहणाऱ्या ताईंना दहा फुटांवर उभे केले आणि अर्ध्या मिनिटानंतर शीट उलटी करून, काय दिसले ते विचारले. पहिल्यांदा त्या म्हणाल्या, “झाडे छान आहेत.” आम्ही झाडे फिकट केली, जमिनीची रेषा जाड केली आणि मोठे रेंडर, म्हणजे संगणकावर केलेले इमारतीचे हुबेहूब चित्र, शेवटच्या शीटवर नेले. चौथ्या खेपेस त्या म्हणाल्या, “वाचणारे खाली आणि मुले अंगणापलीकडे.” त्या दिवशी आम्ही चित्र बदलणे थांबवले आणि उरलेला आठवडा क्षेत्रफळाचा तक्ता, अग्निसुरक्षेचे मार्ग आणि खर्चाचा अंदाज जुळवण्यात घालवला.

या शेवटच्या कामाबद्दल माझे मत ठाम आहे : आकडे प्रवेशिका पाठवण्यापूर्वीच जुळले पाहिजेत. सिडनी ऑपेरा हाउससाठी १९५७ मध्ये २३३ प्रवेशिकांतून यॉर्न उट्झॉन यांची निवड झाली, तेव्हा छपरांच्या कवचांची भूमिती सुटलेली नव्हती, असा दाखला तरुण सहकारी देतात. परंतु त्याच इमारतीचा ७० लाख ऑस्ट्रेलियन डॉलरचा अंदाज १९७३ मध्ये उद्घाटन होईपर्यंत १० कोटी २० लाखांवर गेला होता आणि उट्झॉन यांनी १९६६ मध्येच काम सोडले होते. ग्रंथालयाच्या स्पर्धेतील आमच्या विजयानंतर आयोजकांनी पहिल्याच बैठकीत खर्चाचा तक्ता मागितला, आणि तो तयार असल्यामुळेच करार पुढे सरकला.

आता आम्ही वर्षाला दोनच स्पर्धांत उतरतो. भूखंड ताब्यात आहे का, निधी मंजूर आहे का, विजेत्याला पुढील काम देण्याचे कलम स्पष्ट आहे का आणि परीक्षकांत वास्तुविशारद किती आहेत, हे आधी पाहतो. हेलसिंकीच्या गुगेनहाइम संग्रहालयासाठी १,७१५ प्रवेशिका आल्या, २०१५ मध्ये विजेतेही जाहीर झाले, पण २०१६ मध्ये नगरपरिषदेने प्रकल्प नाकारला. एवढ्या लोकांच्या श्रमांचा विचार मनात आला की आजही वाईट वाटते. सध्या एका शाळेच्या स्पर्धेचे माहितीपत्रक टेबलावर आहे. निधीबद्दलचा आमचा प्रश्न काल गेला असून उत्तर येईपर्यंत रेखाटन सुरू होणार नाही.