अडवलेल्या नोंदी: 0

दूध संकलन केंद्रांची दहा दिवसांची बिलं काढणारं सॉफ्टवेअर आमची टीम बघते, पायथॉन या प्रोग्रॅमिंग भाषेतलं. एकदा सकाळी पावणेसातला एका केंद्राच्या सचिवांचा फोन आला, "अहो मॅडम, म्हशीच्या दुधाला पण 35 फॅट लागत नाही, आणि तुम्ही गाईच्या दुधाला लावलीय."

लॅपटॉप उघडून बघितलं तर खरंच, 3.5 मधलं दशांश चिन्ह राहिलेलं, त्यामुळे 315 पॉइंट जास्तीचे (0.1 फॅट म्हणजे एक पॉइंट), पॉइंटला 30 पैसे म्हणजे साडेचौऱ्याण्णव रुपये वर, म्हणून 30 रुपयांचा दर गेला 124.50 वर. पण मला पटेचना, कारण ही नोंद अडवायची ओळ मीच लिहिली होती. फॅट 2 ते 12 च्या मध्ये असल्याचा असर्ट होता, म्हणजे अट खरी नसेल तर एरर देणारी ओळ, तो फेल झाला की नोंद बाजूला काढून ठेवायची आणि रात्रीच्या रिपोर्टमध्ये आकडा द्यायचा. तीच नोंद माझ्या लॅपटॉपवर चालवली तर बरोबर अडली, सर्व्हरवर मात्र सुखरूप पार.

तासभर डेटाबेस उलटापालटा केला, काही हाती लागलं नाही. मग सहज सर्व्हरवरचा पायकॅशचा, म्हणजे पायथॉन रूपांतर केलेला कोड साठवतो तो फोल्डर उघडला आणि फायलींच्या नावात दिसलं "ऑप्ट-1". तिथेच पोटात गोळा आला. रात्रीचं काम फार वेळ घेतं म्हणून महिन्यापूर्वी कोणीतरी सर्व्हरवर प्रोग्रॅम ज्यात चालतो त्या कंटेनरच्या सेटिंगमध्ये पायथॉनऑप्टिमाइझ 1 करून ठेवलं होतं. नाव वाचून कोणालाही वाटेल की वेग वाढेल, पण त्याने होतं एवढंच की असर्टच्या ओळी बाइटकोडमध्ये, म्हणजे प्रत्यक्ष चालणाऱ्या त्या रूपांतरित कोडमध्ये, येतच नाहीत. त्या चालून पास होतात असं नाही, त्या नसतातच. पायथॉन जी खरी वेळखाऊ तपासणी करतो, म्हणजे दर बेरजेला दोन्ही बाजूंचा टाइप बघणं, लिस्टच्या बाहेरचा इंडेक्स आला तर एरर देणं, ती जशीच्या तशी राहते. म्हणजे वाचले ते चिल्लर आणि गेलं ते कुंपण.

आणि महिनाभर रोज रिपोर्टमध्ये येत होतं, अडवलेल्या नोंदी: 0. आम्ही खूश होतो, म्हटलं केंद्रावरची मुलं आता नीट एंट्री करायला लागली.

जुनी बिलं काढली तेव्हा मात्र खरंच बेचैन झाले. जास्त पैसे गेलेले लगेच दिसतात, सचिव फोन करतात. पण एका शेतकऱ्याच्या एका सकाळच्या 20 लिटरला मशीनने एसएनएफ (दुधातले फॅट सोडून बाकीचे घन पदार्थ) वाचलाच नव्हता, तो 0 आला होता, 8.5 च्या खाली 85 पॉइंट कापून दर साडेचार रुपये लागला. 510 रुपये कमी. वीस वेळच्या दुधाच्या बिलात ते कोणाच्या लक्षात येणार? त्यांनी तक्रार केलीच नव्हती.

चूक माझीपण आहे आणि ती मी टीमसमोर सांगितली. असर्ट हा आपल्याच कोडबद्दलची खात्री लिहून ठेवायला असतो, बाहेरून आलेल्या आकड्यावर दारवान म्हणून उभा करायला नाही. त्या दिवशी सगळे बदलून साधा इफ आणि चुकीच्या आकड्याला व्हॅल्यूएरर हा एरर लावला, तोही एकदाच, नोंद आत येते तिथे. मग प्रोफायलर, म्हणजे कुठे किती वेळ जातो ते मोजणारं टूल, लावला. वेळ जात होता दर नोंदीला डेटाबेसचं नवं कनेक्शन उघडण्यात, ते लूपच्या बाहेर काढलं आणि चाळीस मिनिटांचं काम सहा मिनिटांवर आलं, सगळ्या तपासण्या चालू ठेवून! ऑप्टिमाइझची ओळ काढली आणि सर्व्हरवरच चुकीची नोंद टाकून ती अडते का बघणारी टेस्ट जोडली.

दुसऱ्या दिवशी रिपोर्ट आला, अडवलेल्या नोंदी: 7. मी सचिवांना फोन लावला, सातही वाचून दाखवल्या, आणि 510 रुपयांचा फरक पुढच्या बिलात कोणाच्या नावावर टाकायचा ते सांगितलं.