गायरानवाल्यांनी वाचावा असा एक आफ्रिकन वकील

जॉन मेन्सा सारबा हे नाव आपल्याकडं कुणी ऐकलेलं असायचं काही कारण नाही, पण ज्यांचं निम्मं आयुष्य कसत असलेलं गायरान (गावची सरकारी चराऊ जमीन) नावावर व्हावं म्हणून फायली घेऊन तहसीलला चकरा मारण्यात गेलंय त्यांना तरी हा माणूस माहीत पाहिजे असं मला मनापासून वाटतं.

आजचा घाना म्हणजे तेव्हाचा गोल्ड कोस्ट, इंग्रजांची वसाहत. सारबा तिथल्या फान्टी समाजातला, जन्म १८६४ चा, वडील व्यापारी. १८८७ ला लंडनच्या लिंकन्स इनमधून बॅरिस्टर झाला, गोल्ड कोस्टचा पहिला आफ्रिकन बॅरिस्टर. गावी, केप कोस्टला, येऊन वकिली सुरू केली आणि १८९१ ला 'गोल्ड कोस्ट पीपल' नावाचा पेपर काढला. शिकलेला, पैसेवाला, साहेबाच्या पंगतीला बसू शकणारा माणूस, पण डोकं सगळं आपल्या लोकांच्या जमिनीत.

कारण तेव्हा सोन्याच्या खाणी आणि इमारती लाकूड यांच्यामागं गोऱ्या कंपन्या लागल्या होत्या, सरदारांना गाठून करारावर सह्या घेत होत्या. सरकारलाही जमिनीवर हात ठेवायचा होता. १८९४ ला एक बिल आणलं, पडीक जमीन, जंगल, खनिज सगळं राणीच्या मालकीचं करायचं म्हणून. बोंब झाली, मागं घेतलं. १८९७ ला गव्हर्नर मॅक्सवेलनं दुसरं आणलं, हा माणूस आधी मलायात जमिनीच्या कायद्यातला जाणकार म्हणून गाजलेला. आता भाषा जरा मऊ होती, पण मुद्दा तोच, की जिथं कुणी कसताना दिसत नाही ती जमीन सार्वजनिक, तिचा कारभार सरकार बघणार.

आता तिथली शेती कशी होती बघा. जंगलाचा तुकडा साफ करायचा, काही वर्षं पिकवायचा, मग रान परत उगवू द्यायचं आणि दुसरीकडं सरकायचं. आपल्या सातबाऱ्यावर 'चालू पड' लिहितात तसला प्रकार, फक्त पड कितीतरी वर्षांची. बाहेरच्याला ते मोकळं जंगल दिसतं, घरच्याला माहीत असतं हे आपल्या मामाचं रान आहे, कारण तिथं वारसा आईकडून चालतो.

सारबा केप कोस्टमध्ये स्थापन झालेल्या ॲबोरिजिन्स राइट्स प्रोटेक्शन सोसायटीचा, म्हणजे मूळ रहिवाशांचे हक्क राखणाऱ्या संघटनेचा, वकील म्हणून लेजिस्लेटिव्ह कौन्सिलपुढं उभा राहिला आणि सांगितलं की इथं बिनमालकीची जमीन नाहीच. प्रत्येक तुकडा कुठल्या ना कुठल्या कुटुंबाचा किंवा सरदारकीच्या गादीचा, सरदार फक्त सांभाळणारा. या कामाची फी त्यानं घेतली नाही. पुढं १८९८ ला सोसायटीची तीन व्यापारी माणसं लंडनला जाऊन वसाहतमंत्री चेंबरलेनला भेटली आणि बिल बारगळलं. घानातली सुमारे ८० टक्के जमीन आजही परंपरागत मालकीची मानली जाते, त्याची मुळं बऱ्याच अंशी या लढाईत आहेत.

पण मला या सगळ्यात मोठं वाटतं ते त्याचं पुस्तक. त्याच १८९७ साली 'फान्टी कस्टमरी लॉज' छापून आलं. तोंडी चालत आलेले नियम, वाटणी कशी होते, गहाण कसं ठेवतात, कुटुंबाला न विचारता विकलं तर काय, हे सगळं कोर्टातले निकाल जोडून लिहून काढलं. इंग्रज जज्जाला म्हातारा माणूस काय सांगतो ते ऐकीव वाटतं, पण छापलेलं पुस्तक टेबलावर आलं की त्याला ते बघावंच लागतं. पेपर काढणारा माणूस होता, छापील कागदाची ताकद त्याला बरोबर कळलेली होती.

एक गोष्ट मात्र सरळ सांगतो. त्यांच्याकडं रूढीनं जमीन वाचवली, आपल्याकडं रूढीनंच दलित-भूमिहीनांना जमिनीपासून लांब ठेवलं. आणि तिकडंही वाचलेल्या जमिनीवर सरदारांचा हात राहिलाच, काहींनी तिचे सौदे केलेच. त्यामुळं सारबाची रूढी इथं आणून उपयोग नाही, आणावं ते त्याचं लिहून काढणं. दादासाहेब गायकवाडांच्या भूमिहीनांसाठीच्या सत्याग्रहाच्या आधी आणि नंतर किती लोकांनी मराठवाड्यात गायरानातले दगड वेचले, ताली घातल्या, त्यातलं कागदावर किती आलं?

आमच्या ओळखीतल्या एका आजीनं पत्र्याच्या पेटीतून एक पिवळी पडलेली पावती काढून दिली होती. अतिक्रमणाचा दंड भरल्याची. घड्या पडून चार तुकडे झालेले, मागून पिठाच्या खळीनं वर्तमानपत्राचा कागद चिकटवलेला. तिला वाटायचं ही आपण गुन्हेगार असल्याची खूण, म्हणून इतकी वर्षं ती कुणाला दाखवली नाही. खरं तर १४ एप्रिल १९९० च्या (गायरानातलं अतिक्रमण नियमित करायला सरकारनं धरलेली तारीख) आधीचा कब्जा सिद्ध करायला त्याहून चांगला कागद नाही, सरकारनंच लिहून दिलंय की ही बाई इथं कसत होती.

सारबा १९१० ला गेला, वयाच्या अवघ्या ४६ व्या वर्षी. आम्ही सध्या गावातल्या म्हाताऱ्यांकडून गट नंबर, चतुःसीमा, कुणी कधी नांगर घातला हे विचारून वहीत उतरवतोय, सोबत 'एक ई'ची (तलाठ्याकडची अतिक्रमणाची नोंदवही) नक्कल आणि जुनं पाहणीपत्रक (कोण काय पिकवतो याची नोंद) जोडतोय. बीड, लातूर, परभणीकडं कुणी हे काम करत असेल तर कळवा, आमचा फॉर्म पाठवतो. आणि घरात दंडाच्या पावत्या असतील तर आज फोटो काढून ठेवा, लॅमिनेशन मात्र करू नका, जुना कागद खराब होऊ शकतो.