सांगली पासिंग

२०२१ च्या जानेवारीत तासगावकडचे एक द्राक्षबागायतदार गाडी घेऊन आले. पेट्रोलवरची छोटी गाडी, पाच गिअरची. आल्या आल्या म्हणाले, "मेस्त्री, दोन्ही पुढची व्हील बेअरिंग बदलली, तरी आवाज काय जाईना झालाय."

लॉकडाऊनच्या पंधरा दिवस आधी त्यांनी ती पुण्यातल्या एका दलालाकडून घेतली होती. वडिलांना डायलिसिसला मिरजेला न्यायला स्वतःची गाडी हवी होती. पुण्यात इतक्या गाड्या बघितल्या, मग हीच का? तर नंबर एमएच १० चा. "म्हटलं आपल्या जिल्ह्याची हाय, सांगली पासिंग. नावावर करायला सोपं."

एक चक्कर मारली. चाळीसच्या पुढं घुंईऽऽ असा आवाज, प्रत्येक गिअरमध्ये. व्हील बेअरिंग गेलं असेल तर वळणावर, गाडीचा भार एका बाजूला गेला की आवाज कमी-जास्त होतो. इथं तसं काही नव्हतं. गॅरेजमध्ये येऊन गाडी न्यूट्रलला उभी केली, इंजिन चालू ठेवलं. आवाज होताच, बारीक. क्लच दाबला, गायब. सोडला, पुन्हा सुरू. क्लच दाबला की गिअरबॉक्सचा इनपुट शाफ्ट, म्हणजे इंजिनाची फिरकी आत आणणारा दांडा, थांबतो, म्हणजे आवाज त्याच्याच बेअरिंगचा. उलट, क्लच दाबल्यावर आवाज सुरू होत असेल तर रिलीज बेअरिंग, म्हणजे क्लच सोडवणारं बेअरिंग, बघायचं. दोन मिनिटांचं काम आहे हे, पण आधीच्या माणसानं ते न करता यांना दोन व्हील बेअरिंगच्या खर्चात घातलं.

गाडी रात्रभर ठेवून घेतली. सकाळी आमच्या पोराला ऑईल काढायला लावलं. त्याला पहिल्या दिवशीच शिकवलंय, आधी वरचा भरायचा बोल्ट सैल करायचा, मगच खालचा ड्रेन बोल्ट. वरचा गंजून बसला असला आणि खालून ऑईल सोडून दिलं, तर नवं भरणार कुठून? ड्रेन बोल्ट निघाला. आधी वाटीभर गढूळ पाणी आलं आणि त्याच्यामागून ऑईल. पोरगा खाली वाकून म्हणाला, "दादा, हे तर चहा हाय."

खरंच तसंच होतं, दूध जास्त झालेल्या चहासारखं. गिअर ऑईलमध्ये पाणी घुसळलं गेलं की असा रंग येतो. पण गिअरबॉक्सला रेडिएटरचं पाणी जोडलेलं नसतं. वर एक श्वास घ्यायचं भोक असतं, ब्रीदर. बॉक्स पाण्याखाली गेला की तिथून आणि ऑईल सीलमधून, म्हणजे ऑईल अडवणाऱ्या रबरी रिंगांतून, पाणी आत शिरतं. धुण्याच्या पाण्यानं एवढं होत नाही.

बॉक्स खाली घेतला. क्लचच्या पेटीत, जिथं पाईप धरून कोणी धुवू शकत नाही त्या कोपऱ्यांत, तपकिरी गाळ वाळून बसला होता. पिठासारखा, बोटानं चोळला की उडणारा. तो गाळ मी ओळखतो. २०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ कृष्णेचं पाणी ५७ फुटांवर गेलं, तेव्हा माझं गॅरेज शटरसकट पाण्यात होतं. पान्यांच्या दांड्यांतून, प्रेसच्या मोटरीतून, हिशोबाच्या वह्यांच्या घड्यांतून हाच गाळ मी दिवाळीपर्यंत काढत होतो. गाळ कुठल्या नदीचा ते मातीवर लिहिलेलं नसतं, हे मान्य. पण गाडीचा नंबर एमएच १० चा होता.

दुपारी मालक आले. काय सांगावं, कसं सांगावं, मलाच कळेना. शेवटी ड्रायव्हरच्या बाजूचा सीटबेल्ट त्यांच्या हातात दिला आणि म्हटलं, "ओढा, पार शेवटपर्यंत." सीट धुतात, गालिचे बदलतात, बेल्ट मात्र सहसा कोणी पूर्ण ओढून बघत नाही. शेवटच्या हातभर पट्ट्यावर तपकिरी डाग होता आणि त्याला सरळ कड. पाण्याची रेघ.

ते बराच वेळ तो पट्टा धरून उभे होते. मग सोडला, तो सर्रकन आत गेला. "म्हणजे आमच्याच नदीत बुडालेली गाडी आम्हीच पुण्यास्नं इकत आणली म्हणा की."

बेअरिंग कापून त्यांना आतली रिंग दाखवली. गोळ्यांच्या वाटेवर सारख्या अंतरावर काळे खड्डे होते. मधे कधीतरी गाडी बराच काळ हलली नव्हती, पाणी मिसळलेल्या ऑईलमध्ये गोळ्या एकाच जागी टेकून राहिल्या आणि टेकल्या तिथंच गंजल्या. गाडी रोज चालली असती तर कदाचित आणखी वर्षभर कळलंही नसतं.

सगळी बेअरिंग आणि ऑईल सील बदलली. गिअरच्या दातांवर गंजाचे डाग होते, पण वरवरचे. गिअर अलगद पडावा म्हणून असतात त्या सिंक्रोच्या पितळी रिंगा शाबूत निघाल्या, हे नशीब. त्या गेल्या असत्या तर खर्च ऐकून त्यांनी गाडी तिथंच सोडली असती. ऑईल ७५डब्ल्यू-९० जाडीचं, जीएल-४ प्रकारचं. दुकानदार "भारीतलं घ्या" म्हणून जीएल-५ पुढं करत होता. आकडा मोठा म्हणून माल भारी, असं यात नसतं. त्यातला गंधकाचा मसाला पितळेला सोसत नाही. कंपनीनं पुस्तकात जे लिहिलंय तेच घालायचं.

त्यांना बजावलं, पाचशे किलोमीटरला परत या, हे ऑईल टाकून द्यायचंय. कानाकोपऱ्यात राहिलेलं पाणी एका धुण्यात जात नाही. ते आले. निघालेलं ऑईल किंचित धुरकट होतं. पुढच्या खेपेला मात्र स्वच्छ निघालं आणि ड्रेन बोल्टच्या चुंबकावर नेहमीची राखाडी लोण्यासारखी पूड, टोचणारा कण एकही नाही.

ती काळी रिंग त्यांनी पेपरात गुंडाळून मागून घेतली होती, पुण्याच्या दलालापुढं टाकायला. त्यानं फोन उचलायचाच बंद केला. परवा पंक्चर निघालं म्हणून स्टेपनी काढली, तर खालच्या खळग्यात ती पुडी तशीच होती. मी ती परत ठेवून दिली.