गिटार निवडताना बॉडी किती खोल आहे ते आधी पाहावे

अकूस्टिक गिटार घेऊ पाहणारा बहुतेक जण लाकडाची चौकशी आधी करतो. लाकडाला महत्त्व आहेच. पण गिटार मांडीवर घेतल्याबरोबर जाणवतो तो बॉडीचा आकार, आणि नादाचा मूळ पिंडही माझ्या मते तोच अधिक ठरवतो. वरची फळी किती मोठी आहे आणि पोटात हवा किती मावते, यावर खर्जाचे वजन बरेचसे अवलंबून असते.

दुकानात सर्वाधिक दिसणारी ड्रेडनॉट ही १९०६ च्या ब्रिटिश युद्धनौकेचे नाव घेऊन आलेली गिटार. मार्टिन कंपनीने ती १९१६ मध्ये डिटसन या विक्रेत्यांसाठी बनवली आणि स्वतःच्या नावाने १९३१ मध्ये बाजारात आणली. तिचे खांदे रुंद, कंबर जेमतेम आत गेलेली आणि पोट जवळपास पाच इंच खोल. गाण्याला साथ करताना, पिकने (तारा छेडायच्या छोट्या पट्टीने) सगळ्या तारांवरून जोरात स्ट्रमिंग करताना ती भरघोस वाजते, यात वाद नाही. मात्र ती हातापासून जोरही मागते. केवळ बोटांनी हलके वाजवणाऱ्याच्या हाती तिची फळी पुरती जागी होत नाही, आणि जाड तारांच्या घुमाऱ्याखाली बारीक तारांवरची चाल दबून जाते. ‘पहिली गिटार ड्रेडनॉटच घ्या’ हा सरसकट सल्ला म्हणूनच मला पटत नाही.

फिंगरस्टाइल, म्हणजे पिकऐवजी बोटांनी तारा छेडून, वाजवणाऱ्यांना ऑर्केस्ट्रा मॉडेल, म्हणजे ओएम, अधिक मानवते. हा आकार १९२९ चा. बॉडी मार्टिनच्याच ट्रिपल-ओ (000) या आकाराएवढी, सुमारे १५ इंच रुंद. पण स्केल, म्हणजे तारेची कंप पावणारी लांबी, २४.९ ऐवजी २५.४ इंच. त्याच जाडीच्या तारा त्याच सुरात लावल्या, तर ओएमवर ताण जास्त येतो आणि स्वर अधिक रेखीव उमटतो. ट्रिपल-ओवर डाव्या हाताच्या बोटांना तार मऊ लागते. बोटे लवकर दुखणाऱ्याने हा अर्ध्या इंचाचा फरक स्वतः वाजवून पाहावा.

सोयीच्या बाबतीत रुंदीची चर्चा फार होते आणि खोलीची कमी. ड्रेडनॉट आणि ओएम यांच्या रुंदीतला फरक इंचापेक्षा कमी आहे. खोलीतला फरकही साधारण पाऊण इंचाचाच, पण तो थेट उजव्या खांद्याला कळतो. बॉडी जितकी खोल, तितका हात बाहेरून वळवून तारांपर्यंत आणावा लागतो, आणि थोड्या वेळाने खांदा नकळत वर चढतो. कॅनडाच्या गिटार बनवणाऱ्या लिंडा मॅन्झर यांनी १९८४ मध्ये अमेरिकन गिटारवादक पॅट मेथेनी यांच्या ४२ तारांच्या गिटारसाठी जाड तारांकडची बाजू पातळ आणि बारीक तारांकडची जाड ठेवली, ती याच अडचणीवर उपाय म्हणून. कंबरेचेही तसेच आहे: ती पुरेशी आत असेल तर गिटार मांडीवर स्थिर बसते. त्यामुळे जवळपास १७ इंच रुंद असलेली जम्बोसुद्धा वाटते तेवढी अवघड जात नाही, मात्र लहान चणीच्या माणसाच्या काखेत ती रुततेच.

लहान बॉडीची पार्लर गिटार कुशीत छान मावते. खर्जाची अपेक्षा मात्र तिच्याकडून ठेवू नये. बॉडी लहानच हवी आणि नाद थोडा उबदार हवा, तर जिची मान बाराव्या फ्रेटवर (मानेवरच्या बाराव्या धातूच्या पट्टीवर) बॉडीला जोडलेली आहे अशी गिटार पाहावी, कारण तिच्यात ब्रिज, म्हणजे फळीवर तारा अडकवायची पट्टी, फळीच्या रुंद भागाच्या मध्याजवळ येतो.

निवड करताना बसून निदान वीस मिनिटे वाजवावे आणि मग तीच गिटार दुसऱ्याला समोर बसवून वाजवायला सांगावी, कारण आवाज पुढे जातो आणि वाजवणाऱ्याला त्याची पुरती कल्पना येत नाही. नादात एक आणि सोयीत दुसरी सरस ठरली, तर मी सोयीची घेईन. तारांची जाडी आणि पिक बदलून नाद थोडाफार वळवता येतो, बॉडीची खोली मात्र आहे तशीच राहते.