वडगावची श्रवणबैठक : भीमपलास आणि दुसरं तिरकिट

बेळगावच्या वडगावात आम्ही रविवारी शास्त्रीय संगीत ऐकायला जमतो. त्या बैठकीबद्दल आता सांगण्यासारखं बरंच साठलंय. येणारी मंडळी मागावर बसणारी, दुकानं चालवणारी, शेतावरची. गाणं शिकलेलं कुणीच नाही. पण बऱ्याच जणांच्या गळ्यात तुळशीची माळ आहे. हरिपाठ, काकडा, एकादशीचं भजन लहानपणापासून कानावर. म्हणून सुरुवात तिथूनच केली.

पहिला राग भीमपलास. बैठक दुपारी तीननंतर, आणि रागाची वेळही दुपारचीच. ‘इंद्रायणी काठी’ सगळ्यांना पाठ. १९५३च्या ‘गुळाचा गणपती’तलं हे गीत भीमसेनांनी गायलेलं, गदिमांनी लिहिलेलं, संगीत पुलंचं. पुलं आपल्या राणी पार्वतीदेवी कॉलेजात शिकवत होते हे सांगितलं की बेळगावची माणसं आणखी जवळ सरकून बसतात. गीत ऐकून झाल्यावर पेटीवर नुसते नि सा ग म प नि सां वाजवले, त्यातले गंधार-निषाद (ग, नि) कोमल, म्हणजे थोडे उतरवलेले. मग उतरताना धैवत आणि रिषभ (ध, रे) घेतले. नावं, थाट, वादी-संवादी असलं शास्त्र काही सांगितलं नाही. मध्यमावर (म) जरा थांबलो तेव्हा मागून एक मावशी म्हणाल्या, “ह्ये मगाच्याच गाण्यातलं वाटालंय की ओ.” तेवढं पुरे होतं.

अवघड जागा म्हणजे बडा ख्याल, संथ लयीत राग विस्तारत जाणारं गाणं. भजनी ठेका आठ मात्रांचा, सम, म्हणजे ठेक्याची पहिली मात्रा, लगेच हाताशी येते. बड्या ख्यालाच्या विलंबित (संथ) एकतालात मात्रा बाराच, पण एकेक एवढी ताणलेली की आवर्तनाला, म्हणजे तालाच्या एका फेरीला, पाऊण-एक मिनिट जातं. नवा श्रोता तिथेच सुटतो. गायक रागात कुठे चाललाय हे न कळल्यामुळे सुटतो असं मला वाटत नाही. समेवर परत कधी येणार हे कळत नाही, म्हणून सुटतो.

त्यावर जे लागू पडलं ते सविस्तर लिहितो, कारण अशा बैठका चालवणाऱ्यांना कामाला येईल. गाणं बाजूला ठेवून नुसता एकतालाचा ठेका तोंडाने म्हणून घेतला : धिं धिं धागे तिरकिट तू ना, कत् ता धागे तिरकिट धी ना. तिरकिट दोनदा येतं, चौथ्या आणि दहाव्या मात्रेला. पहिल्यानंतर ‘तू ना’, तिथे डग्गा, म्हणजे तबल्याच्या जोडीतलं खर्ज आवाजाचं वाद्य, गप्प असतो. दुसऱ्यानंतर ‘धी ना’, तिथे डग्गा पुन्हा घुमतो. म्हणजे तिरकिटानंतर डग्गा घुमला की सम आलीच. टाळ धरणाऱ्या हातांना हे फार चटकन उमगतं. मग भीमसेनांचाच भीमपलास लावला. सुरुवातीला माना दोन-तीनच हलल्या. आता दुसरं तिरकिट वाजलं की खोलीभर माणसं पुढे झुकतात आणि समेवर एकदम “वाह” येतं. तो “वाह” कुणी शिकवलेला नाही, म्हणून मला त्याचं मोल जास्त.

भाषेचा प्रश्नही आपोआप सुटला. आमच्यात कानडी बोलणारे शेजारी आहेत, आणि बंदिशीची, म्हणजे ख्यालातल्या गीताची, ब्रज भाषा दोन्हीकडच्यांना सारखीच परकी. कानडी शेजाऱ्यांसाठी मल्लिकार्जुन मन्सूरांनी गायलेली वचनं, म्हणजे शिवशरणांची कानडी भक्तिपदं, लावली, तर मराठी मंडळीच जास्त वेळ बसून राहिली. अर्थ शेजाऱ्यांनी समजावला.

लहान मुलांसाठी कुमार गंधर्वांचं नाव कामी येतं. त्यांचा जन्म १९२४चा, आपल्या सुळेभावीतला. सुळेभावीची जत्रा मुलांना ठाऊक असते. तिथला मुलगा एवढा मोठा गवई झाला म्हटल्यावर ती कान देतात.

वेळेबाबत माझं मत आता पक्कं झालंय : ध्वनिमुद्रण वीस मिनिटांपुढे नको आणि मध्ये बोलणं अजिबात नको. जे सांगायचं ते आधी, नाहीतर चहाच्या वेळी.

पुढचा राग झिंझोटी. अब्दुल करीम खाँसाहेबांची ‘पिया बिन नहीं आवत चैन’ ही जुन्या तबकडीची ठुमरी, जेमतेम तीन मिनिटांची, त्यामुळे लागोपाठ दोनदा ऐकता येईल. खाँसाहेब मिरजेला राहिलेले, आणि मिरजेचा एक तंबोरा ओळखीच्या घरून मिळणार आहे. ठुमरीआधी तो प्रत्येकाच्या हातात देऊन चारही तारा छेडायला लावणार. घोडीवर तारेखाली असलेला जवारीचा दोरा सरकवला की आवाज कसा उघडतो, हे सांगण्यापेक्षा त्यांनीच करून बघावं. कुणी झिंझोटीतलं एखादं सोपं मराठी पद सुचवलं तर आधी ते लावीन.