38 इंचांचं टेबल

मी पुण्यात, धनकवडीत घरूनच मुद्रितशोधनाचं काम करते. दिवसाचे आठ-नऊ तास जेवणाच्या टेबलाशी बसणं व्हायचं. गेल्या पावसाळ्यात कंबर अशी धरली की वाकून चपलेचा पट्टा लावता येईना. फिजिओथेरपिस्ट बाईंनी बजावलं, "सलग बसू नका. पण दिवसभर उभ्याही राहू नका, पाय आणि पायांच्या शिरा कुरकुर करतील. दर अर्ध्या तासानं बदल करा."

घरी आले आणि लॅपटॉप सरळ स्वयंपाकाच्या ओट्यावर ठेवला. दोन दिवसांत खांदे भरून आले. टेप आणला, ओटा मोजला: 33 इंच. मग उभी राहून कोपर काटकोनात वाकवलं आणि मुलाला जमिनीपासून माप घ्यायला लावलं: 39 इंच. माझी उंची पाच फूट दोन. तेव्हा कुठे उलगडा झाला. कणीक मळताना वरून जोर द्यायचा असतो, म्हणून ओटा कोपराच्या बराच खाली असतो आणि तेच योग्य. टायपिंगला जोर लागत नाही, तिथे बोटं कोपराच्या रेषेत हवीत. की-बोर्डची जाडी इंचभर धरली, तर मला टेबल हवं 38 इंचांचं. दुकानातली तयार टेबलं 29-30 इंचांची. मोटरवर वर-खाली होणारी पाहिली, ती 20 हजारांच्या पुढे.

मग स्वतःच चित्र काढलं. दोन बाजूंना 42 इंच उंच, 20 इंच रुंद उभ्या फळ्या, त्यांना आतून दोन उंचींवर आधारपट्ट्या, आणि पट्ट्यांवर टेकणारी 42 बाय 24 ची आडवी फळी, तिचा माथा 27 किंवा 38 इंचांवर येईल अशी. बसायचं तेव्हा खालच्या पट्टीवर, उभं राहायचं तेव्हा वरच्या. 19 एमएम प्लायच्या 8 बाय 4 च्या एका शीटमध्ये सगळं बसत होतं, वर तुकडाही उरत होता. प्लाय भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटमधून आणलं, स्क्रू बोहरी आळीतून. मिस्त्रीकाका चित्र बघून म्हणाले, "ताई, फळी दोन सूत, म्हणजे पाव इंच, आखूड ठेवू. पावसाळ्यात प्लाय फुगलं तर अडकेल."

पहिल्या दिवशी फळी वर चढवली, चहाचा कप ठेवला आणि टाइप करायला लागले. प्रत्येक अक्षराला चहावर गोल गोल तरंग. टेबल खालच्या पट्टीवर ठीक होतं, वर मात्र डुलत होतं. काकांनी एका बाजूनं हातानं रेटून दाखवलं: चौकटीचे कोपरे नुसत्या स्क्रूंवर होते, म्हणून काटकोन मोडून ती तिरकी व्हायची, आणि फळी सुटी असल्यानं तिला धरून ठेवणारं काहीच नव्हतं. उरलेल्या प्लायमधून 15 इंच रुंदीची पाठफळी कापून त्यांनी दोन्ही बाजूंना मागून आवळली. चहा स्थिर झाला. उंच टेबल करणाऱ्या कुणालाही मी हे आधी सांगेन: पाय जाड करण्यावर पैसे घालू नका, पाठफळी घाला.

तरी महिन्याभरात फळी खालच्या पट्टीवरच राहायला लागली. ती सात-साडेसात किलोंची. वर न्यायची म्हणजे लॅपटॉप, शब्दकोश, दिवा, प्रुफांचा गठ्ठा सगळं आधी उतरवायचं. दिवसातून दहा वेळा कोण करणार? कंबर पुन्हा बोलायला लागली आणि मी अगदी हताश झाले.

वाट दाखवली मामांनी. ते पिंपरीतल्या एका कारखान्यात ड्रॉइंग सेक्शनला होते. टेबल बघून म्हणाले, "अगं, फळी कशाला हलवतेस? आम्ही उंच स्टुलावर बसायचो. कंटाळा आला की उठून तिथंच उभं राहायचं. ड्रॉइंगचा बोर्ड जागचा हलायचा नाही."

फळी कायमची वरच्या पट्टीवर ठेवली आणि रविवारी जुन्या बाजारात गेले. 32 इंचांचं लोखंडी स्टूल मिळालं. मला 30 हवं होतं, कारण बसल्यावर माझं कोपर सीटपासून 9 इंचांवर येतं. वेल्डिंगवाल्यानं पाय दोन इंच कापून दिले. पाय लोंबकळत राहिले तर मांड्यांना रग लागते, म्हणून प्लायच्या शेवटच्या तुकड्याची पायफळी जमिनीपासून साडेचौदा इंचांवर बसवली. लॅपटॉपखाली डबे ठेवून पडद्याची वरची कड डोळ्यांच्या पातळीला आणली, की-बोर्ड वेगळा घेतला. उभी असताना एक पाय खाली पाटावर ठेवते, थोड्या वेळानं दुसरा. कंबरेला त्यानं फार आराम पडतो.

प्लाय 2,600, सनमायका आणि स्क्रू 900, मजुरी 1,800, स्टूल कापण्यासकट 1,400. एकूण 6,700 रुपये. आता उठायला आणि बसायला एक क्षण पुरतो, म्हणून दर अर्ध्या तासाचा बदल खरोखर घडतो. चप्पल घालताना भिंत धरावी लागत नाही.

धाकट्या जाऊबाईंना असंच टेबल हवंय. ती पाच फूट सहा. माझी मापं तिला दिलेली नाहीत; रविवारी टेप घेऊन तिच्याकडेच जातेय, आधी कोपर मोजायला.