फाटक आधी, सिग्नल नंतर

"रेल्वेच्या मोडीत निघालेल्या त्या सिग्नलांच्या नोंदी ठेवून तुम्हाला काय मिळतं ओ?" हा प्रश्न बेळगावच्या टिळकवाडीतल्या शेजाऱ्यांपासून खानापूरच्या बाजारात भेटणाऱ्या ओळखीच्या माणसांपर्यंत अनेकांनी मला विचारला आहे. आता तुम्हीही विचारलेत, म्हणून उत्तर लिहूनच देतो. मी लोखंड जमवत नाही. फाटक आणि सिग्नल एकमेकांना कसे बांधलेले होते, कोणती गोष्ट झाल्याशिवाय कोणती होऊच शकत नव्हती, याची मी नोंद ठेवतो. सिग्नलाचा खांब भंगारात गेला तरी तसा दुसरा कोठेतरी सापडतो. पण एका ठरावीक फाटकावरचा क्रम ते फाटक चालवणाऱ्या माणसाबरोबरच जातो.

हा क्रम दिसायला साधा होता. गेटमन फाटक पाडून कुलूप लावीत असे आणि कुलूप पूर्ण बसल्यावरच त्यातून किल्ली बाहेर निघत असे. ती किल्ली सिग्नलाच्या तरफेत घातल्याखेरीज तरफ हलत नसे, आणि सिग्नल गाडीसाठी मोकळा असेपर्यंत किल्ली तरफेतून सुटत नसे. त्यामुळे गाडीला वाट दिलेली असताना कोणी कितीही हॉर्न वाजवला, किंवा गेटमनच्या ओळखीतल्या कोणी गळ घातली, तरी फाटक उघडणे त्याच्याही हातात राहत नसे. अशा परस्पर-बंधनाचे पेटंट इंग्लंडमध्ये जॉन सॅक्सबी यांनी १८५६ साली घेतले होते. आपल्याकडे तेच तत्त्व उसाच्या बैलगाड्या थोपवीत होते. माणसाच्या सावधपणावर सगळे सोडून न देणारी ही व्यवस्था मला देखण्या खांबापेक्षा अधिक मोलाची वाटते.

तरफेपासून सिग्नलापर्यंत पोलादी तार कप्प्यांवरून जात असे. उन्हाळ्यात तार लांबली की सिग्नलाच्या खांबावरचा आडवा हात अर्धवट पडे, म्हणून तिचा ताण पुन्हा जुळवावा लागे. हात खाली पडला की गाडीला वाट मोकळी, हे रुळाकाठच्या शेतकऱ्यालाही ठाऊक असे. तार तुटलीच तर मागचे वजन हाताला आडवे, म्हणजे 'थांबा' म्हणणाऱ्या स्थितीत आणत असे. रात्री रॉकेलचा दिवा असे. त्याची ज्योत पिवळसर असल्यामुळे हिरव्या संकेतासाठीची काच प्रत्यक्षात निळसर असते, आणि केवळ फोटो पाहणाऱ्यास तिचा रंग चुकीचा वाटतो. फाटकाच्या सिग्नलाखाली पिवळ्या गोल पत्र्यावर काळा 'जी' असे. तो पाहून, सिग्नल 'थांबा' म्हणत असला तरी, चालक दिवसा एक मिनिट व रात्री दोन मिनिटे थांबून, शिटी देत, फाटकापर्यंत जपून जाऊ शकत असे. स्थानकाच्या सिग्नलाला ही सवलत नव्हती.

सदर्न मराठा रेल्वेने घातलेला आणि १९०८ नंतर मद्रास अँड सदर्न मराठा रेल्वेकडे गेलेला मिरज–लोंढा मार्ग दोन रुळांतल्या अंतराने मूळचा १००० मिलिमीटरचा, म्हणजे मीटर गेजचा होता. गेल्या शतकाच्या शेवटच्या दशकात तो १६७६ मिलिमीटरचा, म्हणजे ब्रॉडगेज झाला. रुंदीकरण, रंगीत दिव्यांचे सिग्नल, दुपदरीकरण आणि विद्युतीकरण यांनी जुन्या खुणा एकामागून एक उचलल्या. बेळगावात पहिले, दुसरे, तिसरे गेट ही नावे मात्र पत्ता सांगण्यासाठी अजून चालतात, आणि उड्डाणपूल झालेल्या ठिकाणीही लोक गेटच म्हणतात. ब्रॉडगेजवरची विनारखवालीची फाटके २०१९ च्या जानेवारीत देशभर संपली, याचे मला मुळीच दुःख नाही. फाटक हौशी माणसासाठी ठेवायचे नसते.

मी कुंपणाबाहेर उभा राहूनच काम करतो. खांबाचे रस्त्यापासूनचे अंतर, कप्प्यांच्या उरलेल्या खुंट्यांची दिशा, तरफेवर ओतीव अक्षरांत असलेले कारखान्याचे नाव, फाटकाआधी शिटी द्यायला सांगणाऱ्या 'सी/फा' (सीटी/फाटक) या पाटीची जागा, एवढे वहीत जाते. त्यानंतर निवृत्त गेटमन शोधावे लागतात, आणि कन्नड–मराठी मिसळून चाललेल्या त्या गप्पांतूनच खरा क्रम कळतो. तेव्हा घटप्रभा, रायबाग, कुडची किंवा गुंजी भागात तुमच्या घरातले कोणी फाटकावर कामाला असतील, तर त्यांना माझ्यासाठी एवढे विचारा: किल्ली कोठे घालत होता, दिव्यात रॉकेल कधी भरत होता, आणि तार अडकली तर आधी स्टेशनला कळवत होता की लाल झेंडी घेऊन धावत होता?